सोळा सेंटीमीटरचा त्रिताल

प्रिंटमेकिंग, म्हंजे ठसा बनवून त्यावरून चित्र छापायची कला, नवख्या माणसाला शिकवायची असेल तर त्याच्या हातात पेन्सिल लगेच द्यायची नाही, आधी त्याला काहीतरी ऐकवायचं, हे माझं मत आता एकदम पक्कं झालंय. या उन्हाळी सुट्टीत अमळनेरला शनिवार-रविवार लिनोकटची, म्हंजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापायच्या चित्रांची, कार्यशाळा घेतली, विषय संगीत, अन मेसेजमध्येच स्पष्ट लिहिलं होतं की चित्रकला येत नसेल तरी या, तुमच्यासाठीच आहे. वीसेक लोक आले. शाळकरी पोरं होती, कॉलेजच्या मैत्रिणी मैत्रिणी होत्या, एक रिटायर झालेले पोस्टमन काका, भजनी मंडळात तबला वाजवणारे एक आप्पा, चाळीसगावहून एसटीने आलेल्या एक शिक्षिका, आणि नातीला सोडायला म्हणून आलेल्या एक आजी, ज्या मग घरी गेल्याच नाहीत.

आजींचं दारातलंच वाक्य, "माले काही चित्रबित्र काढता येत नही वं बाई." हे वाक्य मी जाईन तिथे ऐकते, फक्त बोली बदलते. आपल्याकडे चित्रकला म्हणजे एलिमेंटरी नाहीतर इंटरमिजिएट, वस्तुचित्रात तांब्याचे दोन्ही काठ ज्याला सारखे जमले नाहीत त्याने आठवीतच ठरवून टाकलेलं असतं की हा आपला प्रांत नाही, अन मग पुढची चाळीस वर्षं माणूस रांगोळी काढतो, रुखवत सजवतो, बैलाच्या शिंगांना पोळ्याला रंग देतो पण विचारलं की म्हणतो मला चित्र येत नाही. याउलट ताल येत नाही असं म्हणणारा माणूस मला खान्देशात अजून भेटायचाय. वरातीत बँड सुरू झाला की कोणाला शिकवावं लागतं का? कानबाईच्या, म्हंजे आमच्या खान्देशी देवीच्या उत्सवाच्या, रात्री बाया गाणी म्हणतात, फुगड्या घालतात, आखाजीला, म्हंजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसून पोरी गातात, ही सगळी मंडळी लय आतून ओळखतात. म्हणून विषय संगीत. सजावट म्हणून नाही घेतला, जे त्यांच्याकडे आधीच आहे तिथून सुरुवात करायची होती.

एक नियम मात्र मी पहिल्याच तासाला सांगून टाकते. तबला, वीणा, बासरी, मोरपीस यातलं काहीही काढायचं नाही. संगीतावर चित्र म्हटलं की सगळ्यांचा हात आपोआप वाद्याकडे जातो, अन वाद्याचं चित्र काढलं की परत तो तांब्याचा काठच आला, सारखा जमला की नाही जमला. आपल्या रागमालेच्या चित्रांत, राजस्थानातल्या असोत, पहाडी असोत की आपल्या दख्खनमधल्या, रागाला नायक-नायिका, ऋतू, प्रहर असं रूप दिलेलं असतं, ती परंपरा फार मोठी आहे अन तिच्यासाठी हाताची तयारीही तेवढीच लागते. आम्ही धरला तो दुसरा रस्ता. कँडिन्स्की या रशियन चित्रकाराने १९११ च्या जानेवारीत म्युनिकला शोनबर्ग या संगीतकाराची मैफल ऐकली आणि त्यावर चित्र काढलं, त्यात पियानोचा काळा आकार अन माणसं अर्धवट ओळखू येतात पण चित्रभर पसरलाय तो पिवळा. म्हंजे ऐकलेलं जसंच्या तसं आकारात उतरवायचा प्रयत्न. पोरांना हे दोन मिनिटांत सांगितलं अन पुढे गेले, कारण थिअरी जास्त झाली की डोळे मिटायला लागतात.

सुरुवात केळीपासून. जळगाव जिल्ह्यात केळीचं पान मागायला कुणाकडे लाजावं लागत नाही. पानाचा जाड दांडा आडवा कापला की चंद्रकोरीचा आकार मिळतो अन आत जाळीसारखे हवेचे कप्पे असतात, त्यावर रंग लावून कागदावर दाबलं की ती जाळी अशी काही उमटते की दहावीतलं पोरगं पण गप्प होऊन बघतं. भेंडीचे ठसे सगळ्यांनी लहानपणी केलेत, केळीचे फार कमी जणांनी. मग मी फोनवर ढोलकी लावली अन म्हटलं, थापेला मोठा ठसा, मधल्या बारीक बोटांना भेंडी. जुन्या पेपरवर, भराभर, थांबायचं नाही, सुंदर दिसतंय का ते बघायचं नाही. पंधरा मिनिटांत सगळ्या सतरंजीवर ठसेच ठसे. आजींनी तर ढोलकी बंद करायला लावली, म्हणाल्या मी म्हणते, अन आखाजीचं गाणं म्हणत म्हणत भेंडी आपटायला लागल्या. नात लाजून लाल झाली, नंतर तीच मागे म्हणायला लागली.

इथे एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली जी मला सांगायची होती पण न सांगता झाली ते बरं झालं. ठसा एकदा बनला की तो परत परत मारता येतो आणि परत परत मारला की त्यातून आपोआप लय तयार होते. एकच भेंडी एकदा मारली तर भेंडी दिसते, आठदा मारली तर ठेका दिसतो.

मग आप्पांचा तबला. हा माझ्या दृष्टीने कार्यशाळेचा गाभा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्रिताल, सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. आप्पांना सांगितलं फक्त ठेका धरा, एकदम विलंबित, म्हंजे संथ, काही फिरवू नका. सगळ्यांना डोळे मिटायला लावले अन म्हटलं डग्ग्याकडे, म्हंजे डाव्या हाताच्या घुमणाऱ्या मोठ्या भागाकडे, लक्ष द्या, तो कुठे गप्प होतो तिथे हात वर करा. पहिल्या दोन-चार आवर्तनांत हात कुठेही वर जात होते, मग हळूहळू जमायला लागलं. नवव्या मात्रेला खाली, टाळी तिथे देत नाहीत, अन त्याच्या लगेच पुढच्या तिं तिं ता, ता मध्ये डग्ग्याचा घुमारा बंद असतो, नुसता उजव्या हाताचा तबला वाजतो, अन चौदाव्या मात्रेला धिं बरोबर तो घुमारा परत येतो. आप्पा इतकी वर्षं वाजवताहेत, म्हणाले असं डग्गा वेगळा काढून मी पण कधी ऐकला नव्हता.

आता लिनो. लिनोकटचा अख्खा खेळ एका वाक्यात बसतो, जे कोरून काढलं ते पांढरं राहतं अन जे सोडलं ते छापलं जातं. शाई फक्त वर राहिलेल्या भागाला लागते. तर प्रत्येकाला लिनोची एक पट्टी दिली, सोळा सेंटीमीटर लांब, पाच सेंटीमीटर रुंद, एक मात्रा एक सेंटीमीटर. पट्टीवर पेन्सिलने सोळा घरं आखली. जिथे डग्गा घुमतो तिथे लिनो सोडायचा, जिथे घुमत नाही तिथे कोरून काढायचा, अन उजव्या हाताचे बोल बारीक रेघांनी आपल्या मनाने घ्यायचे, कुणाला उभी रेघ वाटली तर उभी, कुणाला ठिपका वाटला तर ठिपका. कोणतंही वस्तुचित्र नाही, कोणताही काठ नाही. चुकायची भीतीच उरत नाही कारण बरोबर-चूक ऐकून ठरतं, अन ऐकायला सगळ्यांना येतं. पोस्टमन काकांनी प्रत्येक तिं साठी एक तिरपी कडक रेघ मारली, सगळ्या एका मापाच्या, वर्षानुवर्षं शिक्का मारलेला हात तो. त्यांची पट्टी सगळ्यात स्वच्छ आली.

एक कटकट आधीच सांगून ठेवायची. ठसा उलटा छापला जातो, डावं उजवीकडे जातं. अक्षरं कोरली तर ती आरशात बघून कोरावी लागतात. तालाच्या पट्टीत सम, म्हंजे पहिली मात्रा, उजव्या टोकाला कोरली की छापल्यावर ती डावीकडे येते, म्हणून घरांचे आकडे मी उजवीकडून डावीकडे लिहायला लावले. पोरांना हे लगेच कळलं, मोठ्यांना जरा वेळ लागला.

कोरण्याबद्दल जे हमखास सांगते ते इथे पण सांगते कारण यात हाताला लागण्याचा प्रश्न आहे. दुसरा हात कायम हत्याराच्या मागे, पुढे कधीच नाही. वळणदार रेघ काढायची तर हत्यार फिरवायचं नाही, लिनो फिरवायचा. बारीक रेघेला व्ही आकाराच्या टोकाचं हत्यार, मोठी जागा साफ करायला यू आकाराचं. फार खोल जायची गरज नाही, खालचं तागाचं कापड दिसायला लागलं म्हणजे फार झालं. लिनो सरकू नये म्हणून सुताराकडून छोट्या फळ्या बनवून घेतल्या आहेत, फळीच्या एका कडेला खालून पट्टी मारायची जी टेबलाच्या कडेला अडकते अन समोरच्या कडेला वरून पट्टी मारायची जिला लिनो टेकतो, फार साधी गोष्ट आहे पण त्याशिवाय मी नवीन माणसाच्या हातात हत्यार देत नाही.

आपल्याकडच्या उन्हाचा या कामात फायदा पण आहे अन तोटा पण. लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुगा अन मागे तागाचं कापड, १८६० च्या दशकात इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टनने हे जमिनीवर अंथरायला म्हणून काढलं, चित्रकारांनी नंतर उचललं. गारठ्यात तो कडक होतो, थंड देशातली मंडळी इस्त्री फिरवून नाहीतर हीटरजवळ ठेवून नरम करतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ च्या पुढेही जातो, पट्ट्या पाच मिनिटं खिडकीत ठेवल्या की लोण्यासारख्या कापल्या जातात, नवीन माणसाला याहून सोपं काय पाहिजे. पण तोच उन्हाळा शाईच्या मुळावर येतो. पाण्याची शाई काचेवर पसरेपर्यंतच सुकायला लागते, त्यात पंखा चालू असला तर संपलंच. म्हणून मी उन्हाळ्यात पाण्याची शाई वापरतच नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या कोणत्याही ऑफसेट प्रेसमध्ये जायचं अन काळी शाई थोडी डबीत मागून आणायची. ती तेलाची असल्याने दिवसभर काचेवर ओली राहते, रंग गर्द येतो, अन साफ करायला रॉकेल-थिनर काही लागत नाही, चिंधीवर गोडेतेल घेऊन पुसायचं अन मग भांड्याच्या साबणाने धुवायचं. फक्त प्रिंट वाळायला दोन-तीन दिवस द्यावे लागतात.

रंग पोरांनी मागितले, नाही दिले. फक्त काळा. दुःखी गाण्याला निळा अन आनंदी गाण्याला पिवळा असं एकदा सुरू झालं की कोणी ऐकत नाही, सगळे रंगांच्या डब्या हुंगत बसतात. काळ्यावर काय काय होऊ शकतं हे दाखवायला चित्रकार नंदलाल बोसांचा १९३० सालचा गांधीजींचा लिनोकट मोबाईलवर दाखवला, काठी घेऊन चाललेले, दांडीयात्रेच्या वेळचा. सगळी पार्श्वभूमी काळी अन माणूस नुसत्या थोड्या पांढऱ्या रेघांत. रेघा मोजा म्हटलं तर खरंच मोजता येतील इतक्या कमी. पण ते पाऊल पडताना दिसतं.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. शाई लावायच्या आधी मी पंखे बंद करायला लावले, तबला बंद, मोबाईल बंद, त्या उकाड्यात सगळे माझ्याकडे बघायला लागले. काचेवर शाईचा छोटा गोळा, त्यावर रोलर, वर-खाली, आडवा-उभा, मध्ये मध्ये रोलर उचलायचा म्हणजे तो सगळीकडून फिरतो. सुरुवातीला आवाज येतो चिकट, चपचप असा, याचा अर्थ शाई जास्त आहे. पसरवत गेलं की आवाज बारीक होत जातो अन एका क्षणी काचेवरून सलग चरचर ऐकू येते, ती आली की शाई तयार. कुठलाही जुना प्रिंटमेकर डोळ्यांपेक्षा या आवाजावर जास्त भरवसा ठेवतो. मी तीन वेगवेगळ्या काचा ठेवल्या होत्या, एकीवर शाई जास्त, एकीवर कमी, एकीवर बरोबर, अन सगळ्यांना पाठ करून उभं केलं, नुसतं ऐकून सांगा कोणती बरोबर. पहिल्या फेरीतच बहुतेकांनी बरोबर ओळखलं. दिवसभर ऐकण्याचंच काम केल्यावर कान असे तयार होतात, हे मला कोणी थिअरीत सांगितलं असतं तर पटलं नसतं.

प्रेस आमच्याकडे नाही अन लागतही नाही. शाई लावलेल्या पट्टीवर कागद अलगद ठेवायचा, तो सरकू न देता वरून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासायचं, मधून कडेकडे, छोटे छोटे गोल. एक कोपरा उचलून डोकवायचं, फिकट असेल तर परत खाली सोडून घासायचं. पहिला प्रिंट जवळपास नेहमी फिकट येतो कारण कोरा लिनो शाई पितो, त्यामुळे पहिल्या प्रिंटवर कोणी हिरमुसायचं नाही हे आधीच सांगून ठेवलं होतं. तिसऱ्यापासून मजा. कागद सोलताना जो हलका टर्र आवाज येतो त्यावर सगळा हॉल एकदम वळून बघतो, प्रत्येक वेळी.

दुपारी जेवणात भरीत अन कळण्याची भाकरी होती, त्याच्यानंतर कोणी हत्यार हातात धरायच्या अवस्थेत नसतं म्हणून तेव्हा दुसरा प्रयोग ठेवला होता. पातेल्यावर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक ताणून बांधायचं, त्यावर बारीक मीठ भुरभुरायचं अन जवळ तोंड नेऊन एकाच सुरात जोरात हुंकार द्यायचा. मीठ नाचायला लागतं, एका ठिकाणाहून पळतं अन दुसरीकडे गोळा होऊन रेघा धरतं. सूर बदलला की नक्षी बदलते. अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये धातूच्या पातळ पत्र्यावर वाळू टाकून कडेला व्हायोलिनचा गज ओढून अशाच आकृत्या छापून प्रसिद्ध केल्या होत्या. पत्र्याचा जो भाग थरथरतो तिथली वाळू उडते, जो भाग स्थिर राहतो तिथे साचते, म्हणून रेघ तयार होते. कॉलेजच्या मुलींनी फिजिक्सच्या पुस्तकात हे वाचलेलं, पण पातेल्यावर पहिल्यांदा बघत होत्या. त्यातल्या एकीने तीच नक्षी दुसऱ्या दिवशी लिनोवर घेतली अन खूप छान घेतली.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपलं एक गाणं निवडायचं अन दहा बाय दहाच्या चौकोनात त्याची लय कोरायची होती. इथे मी कमीत कमी बोलले. चाळीसगावच्या मॅडमनी जात्यावरच्या ओव्या घेतल्या, त्यांच्या आईच्या. बहिणाबाईंच्या जिल्ह्यात जातं अन ओवी हे काही सांगावं लागत नाही. पण त्यांनी जातं नाही काढलं, नियम पाळला. त्यांनी गोल गोल रेघा घेतल्या अन प्रत्येक ओवीच्या शेवटी जिथे श्वास घेतात तिथे वर्तुळ थोडं तोडलं. बस एवढंच. त्या तुटलेल्या जागा ओळीने एकाखाली एक आल्या अन वरून खाली एक पांढरी वाट तयार झाली, ती त्यांनी ठरवून केली नव्हती. आईला दाखवते म्हणाल्या.

आजींनी आखाजीच्या झोक्याचं गाणं घेतलं. हत्यार धरायला बोटं ऐकत नव्हती म्हणून कोरलं नातीने अन आखून दिलं आजींनी, म्हंजे आजी गायच्या, हात हवेत झोक्यासारखा मागेपुढे न्यायच्या अन नात त्या हाताच्या मागे मागे रेघ ओढायची. झोका पुढे जातो तेव्हा रेघा लांब अन विरळ, मागे येतो तेव्हा जवळ जवळ. प्रिंट निघाल्यावर आजींनी तो हातात घेतला, बोट पहिल्या रेघेवर ठेवलं अन गाणं म्हणत म्हणत बोट पुढे नेलं, एकही शब्द लिहिलेला नाही अन ओळ संपली तेव्हा बोट बरोबर कडेला. म्हणाल्या, "हाई ते मन्हंच गानं शे." ही गाणी कुठे लिहिलेली नसतात, बहुतेक घरांत ती एका बाईपासून दुसरीकडे तोंडीच जातात अन ती बाई गेली की जातात. मला वाटतं लिहून ठेवण्याचं, रेकॉर्ड करण्याचं काम ज्यांना जमतं त्यांनी ते करावंच, पण हा पण एक मार्ग आहे, आणि यात नात शेजारी बसलेली असते.

संध्याकाळी सगळ्या तालाच्या पट्ट्या एका लांब कागदावर छापल्या, एकाची सोळावी मात्रा जिथे संपते तिथे दुसऱ्याची सम. कागद हॉलच्या या भिंतीपासून मधल्या खांबापर्यंत गेला. आप्पा तबला घेऊन एका टोकाला बसले अन एकेक जण आपल्या पट्टीवरून हात फिरवत चालला, आप्पा त्याच्या हाताबरोबर ठेका देत होते. जिथे कोणी आपल्या मनाने जास्त कोरलं होतं तिथे आप्पा तेवढा डग्गा खाऊन टाकायचे, अन सगळे ओरडायचे.

प्रिंटवर सही कशी करायची हे मी मुद्दाम शेवटी शिकवते. पेन्सिलने, चित्राच्या खाली, डावीकडे अपूर्णांकासारखा आकडा, म्हंजे दहापैकी तिसरा असेल तर ३/१०, उजवीकडे नाव. कोणालाही सुटका नव्हती, आजींनी पण केली, नातीशेजारी नाव लिहिलं. प्रत्येकाने एक-एक जास्तीचा प्रिंट काढून दुसऱ्याला द्यायचा असं ठरलं होतं, तर पोस्टमन काकांच्या पट्टीवर सगळ्यांचा डोळा, त्यांना परत शाई लावून बसावं लागलं.

पुढचं नंदुरबारकडे घ्यायचं चाललंय. सातपुड्यातले मोठे ढोल, पावरी हे तिथलं फुंकून वाजवायचं वाद्य, अन अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी, हे सगळं दहा बाय दहाच्या चौकोनात मावणार नाही. तिथे आठ बाय चारची प्लाय घेऊन तिच्यावरच सगळ्यांनी मिळून कोरायचं असा विचार आहे, छापायचं कापडावर अन दाबायला चमच्याऐवजी माणसांचे पाय, ढोलाच्या ठेक्यावर. वाजवणारी मंडळी तिथलीच असली पाहिजेत अन काय कोरायचं हे पण त्यांनीच सांगायचं, ते जमलं तरच घेणार. प्लायसाठी सुताराशी बोलणं झालंय, कापड मालेगावहून आणू.